नंदाच्या हातच्या गोळ्या

परमेश्वर गडचिरोलीकडच्या रस्त्याच्या कामावरून घरी आला, तेव्हा सोयाबीन काढणीला आलं होतं. तिकडं तो रोलर चालवायचा. जाताना अंगानं भरलेला होता, आता गालाची हाडं वर आली होती. आसराबाईनं त्याला बघितलं आणि हातातलं टोपलं खाली ठेवलं.

"आजारी व्हतास का रं?"

"पावसाच्या सुरवातीला ताप आल्ता, माय. गोळ्या घेतल्या, उतरला. आता काय न्हाई."

पिंपळगाव रेणुकाईच्या पुढं एक लहानशी वस्ती आहे. पूर्वी तिथली सगळी माणसं मेंढरामागं फिरायची. आता कुणी शेतात, कुणी मशिनीवर, कुणी शहरात. परमेश्वरचा बाप राधाकिसन मात्र अजून थोडी मेंढरं राखून होता. त्याची बापजाद्यांची जिरायत जमीन आसराबाईच बघायची. पोरगा आला म्हणून तिनं काढणीची घाई केली.

आणि काढणीच्या दिवशीच, भर उन्हात, गंजीपाशी बसल्या बसल्या परमेश्वर कुडकुडायला लागला. दात वाजत होते. आसराबाईनं घोंगडं टाकलं, त्यावर दुसरं टाकलं, तरी त्याची हुडहुडी जाईना. मग अंग असं तापलं की हात ठेववेना. दिवस कलला तसा घाम फुटला, आणि अंगरखा पिळून काढावा इतका ओला झाला. दुसऱ्या दिवशी गडी उठून भाकरी खाऊन कामाला गेला. तिसऱ्या दिवशी त्याच सुमाराला परत तेच.

"पाळीचा ताप हाय हा," राधाकिसन म्हणाला. "अंगावर काढू नको. दवाखान्यात चल."

आरोग्य केंद्रात तृप्ती नावाच्या डॉक्टर होत्या. वयानं तरुण, बोलायला शांत. त्यांनी बोटातलं रक्त घ्यायला लावलं, काचेवर पसरून तपासलं आणि म्हणाल्या, "हिवताप आहे. व्हायवॅक्स जातीचा."

"पण मॅडम, आपल्या वस्तीत तर कुणालाच ताप न्हाई," परमेश्वर म्हणाला.

"हा इथला नाहीच. तुम्ही तिकडून बरोबर आणलाय."

राधाकिसनला हे पटेना. "मंग मधी एवढे दिवस कुठं लपला व्हता?"

डॉक्टर हसल्या. "बरोबर विचारलंत. लपलाच होता. डास चावतो ना, तेव्हा त्याच्या लाळेतून हे जंतू अंगात शिरतात. ते रक्तात रेंगाळत नाहीत, सरळ लिव्हरमध्ये जातात. कलेजीत."

"कलेजीत?" राधाकिसन पुढं सरकला. "मेंढराच्या कलेजीत असतात तसे? डबक्याचं पाणी पिलेलं जनावर कापलं की पानासारखे चपटे किडे निघतात."

"ते डोळ्यांना दिसतात, बाबा. हे दिसत नाहीत. जात वेगळी, पण घर तेच. कलेजीत बसून ते एकाचे हजारो होतात आणि मग रक्तात उतरतात. रक्तातल्या तांबड्या पेशीत एक एक जण घुसतो, तिला आतून खातो, वाढतो, आणि सगळ्या पेशी एकाच सुमाराला फुटतात. त्या फुटल्या की तुमच्या पोराला हुडहुडी भरते. सुटलेले जंतू नव्या पेशीत घुसतात. परत तेच. म्हणून एक दिवसाआड ताप."

"आणि डासाला कुठून भेटतात?" परमेश्वरनं विचारलं.

"तुमच्याकडूनच. रक्तातले काही जंतू डासाची वाट बघत बसलेले असतात. आता तुम्हाला चावलेला डास ते घेऊन जाईल, त्याच्या पोटात ते वाढतील, आणि थोड्या दिवसांनी तो दुसऱ्याला देईल. पण या जातीची खोड अजून वेगळी आहे. कलेजीतले सगळे एकदम बाहेर येत नाहीत. काही तिथंच निजून राहतात. महिने जातात, मग उठतात. तुमचे आता उठलेत."

आसराबाई पुढं झाली. "मंग त्याला औषध न्हाई का काही?"

"आहे की, मावशी. दोन वेगळी औषधं आहेत, दोघांची कामं वेगळी." डॉक्टरांनी दोन पाकिटं टेबलावर ठेवली. "ही क्लोरोक्विन. ही रक्तातले जंतू मारते. ताप हिनंच उतरतो. पण निजलेल्यांना ही हात लावत नाही. त्यांच्यासाठी ही प्रायमाक्विन. ही कलेजी साफ करते, आणि डासाची वाट बघणाऱ्यांनाही मारते. मेंदूत जाणारा दुसरा एक मलेरिया असतो, त्याला तिसऱ्याच जातीच्या गोळ्या लागतात, तो तुम्हाला नाही. तिकडं या दोन्ही दिल्या होत्या का?"

परमेश्वरनं खाली बघितलं. "दिल्त्या. पहिल्या घेतल्या. ताप गेला, मंग दुसऱ्या घेतल्याच न्हाईत."

"म्हणून परत आला. आता ही दोन आठवडे रोज, जेवणानंतर. एकही चुकवायची नाही. आणि एक ध्यानात ठेवा. फार थोड्या लोकांना ही दुसरी गोळी सोसत नाही. लघवी काळ्या चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसले, धाप लागायला लागली, तर गोळी बंद करून लगेच इकडं यायचं. उद्या बघू म्हणायचं नाही."

आसराबाईनं मान हलवली. त्या वेळी तिच्या मनात काहीच आलं नाही. पोराच्या गोळ्या चुकू द्यायच्या नाहीत, एवढंच तिनं पक्कं धरलं. घरी आल्यावर पाकीट तिनं स्वतःकडं ठेवलं आणि रोज जेवण झालं की गोळी काढून त्याच्या तळहातावर ठेवायला लागली.

ताप लगेच थांबला. नवरात्र बसलं. परमेश्वर आईला मोटारसायकलवर बसवून रेणुकाईच्या देवळात घेऊन गेला. पायऱ्या चढताना तो मधेच थांबला आणि कठड्याला टेकला. "दम लागून राह्यला, माय," तो म्हणाला. तापाचा अशक्तपणा असेल असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो न्हाणीतून बाहेर आला आणि चुलीपाशी येऊन हळू आवाजात म्हणाला, "पेशाब काळी होऊन राह्यली."

"कशी काळी?"

"चहावानी. दूध न घातलेल्या."

आसराबाईनं त्याला उजेडात ओढलं, खालची पापणी बोटानं ओढून बघितली. डोळा हळदीचा हात लागल्यासारखा पिवळा होता. असा डोळा तिनं आयुष्यात एकदाच बघितला होता, तिच्या धाकट्या भावाचा.

"अहो!" ती बाहेर धावली. "जीप थांबवा. आत्ता."

केंद्रात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते गोळीचं. "आजची घेतली?"

"न्हाई दिली."

"फार बरं केलंत." त्यांनी नाडी बघितली, सलाईन लावलं, जालन्याला फोन करून रुग्णवाहिका बोलावली. "गोळी बंद. त्याच्या रक्ताच्या पेशी फुटतायत. वेळेवर आणलंत, पण मोठ्या दवाखान्यात ठेवायला लागेल. कदाचित रक्त चढवतील."

गाडीची वाट बघताना त्या आसराबाईजवळ येऊन बसल्या. "मावशी, आठवून सांगा. तुमच्या माहेरी असं कधी कुणाला झालं होतं?"

आसराबाईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "माझा भाऊ. मच्छिंद्र."

मच्छिंद्र तिच्या पाठचा. आसराबाईचं लग्न होऊन ती इकडं आली, त्यानंतर काही वर्षांनी त्याचं नंदाशी झालं. नंदा हसनाबादची. त्यांना दैवशाला झाली, ती रांगत होती त्या वर्षी पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. सरकारी माणूस घरोघर फिरून बोटाचं रक्त घेऊन गेला आणि नंतर येऊन मच्छिंद्रसाठी गोळ्या देऊन गेला. सगळ्या संपवायच्या, असं बजावून गेला. नंदाला वाचता येत नव्हतं. पण तिनं ऐकलं होतं तसं बरोबर केलं. रोज नवऱ्याच्या हातावर गोळ्या ठेवल्या. त्याची लघवी काळी झाली, डोळे पिवळे झाले. घरच्यांनी कावीळ म्हणून दवाखान्यात न नेता झाडपाला देणाऱ्याकडं नेलं. तो गेला तेव्हा ओठावर मिसरूडही नीट फुटलं नव्हतं, असं आसराबाईची आई जन्मभर म्हणायची.

आणि ती अजून एक गोष्ट म्हणायची. नंदानं गोळ्यांत काहीतरी कालवून दिलं. हे ती पहिल्यांदा कुणाजवळ बोलली ते कुणालाच आठवत नाही, पण चुलतभाऊ सर्जेराव ते चार माणसांत मोठ्यानं बोलला, आणि मग गावात तेच खरं धरलं गेलं. तेराव्यानंतर नंदाची पेटी अंगणात आणून ठेवली. आसराबाई तेव्हा तिथंच होती. ती भिंतीला टेकून रडत होती, भावासाठी. नंदा लेकरू काखेत घेऊन निघून गेली, आणि त्या घराचा आणि हसनाबादचा संबंध तिथंच तुटला.

हे सगळं तिनं डॉक्टरांना तुटक तुटक सांगितलं. डॉक्टरांनी ते कागदावर टिपून घेतलं. तेवढ्यात गाडी आली.

जालन्याच्या दवाखान्यात परमेश्वरला रक्त चढवलं. पहिले दोन दिवस तो डोळे मिटून पडून होता. आसराबाई खाटेशेजारी खाली बसून असायची. तिच्या मनात एकच विचार फिरत होता. गोळी आपण दिली, आपल्या हातानं, जेवण झाल्या झाल्या, एकही न चुकवता. पोराला काही झालं असतं तर कुणी आपल्याला म्हटलं असतं का, की तू काहीतरी कालवलंस? कुणीच म्हटलं नसतं. आई होती ना ती.

हळूहळू लघवी निवळली. परमेश्वर उठून बसला, चहा मागायला लागला. घरी आल्यावर सणाची धामधूम संपली होती आणि सोयाबीन राधाकिसननं शेजाऱ्यांच्या मदतीनं उरकून घेतलं होतं.

रक्ताची खास तपासणी डॉक्टरांनी मुद्दाम उशिरा करायला लावली. "आत्ता तपासलं तर फसगत होते," त्या म्हणाल्या होत्या. "जुन्या, कमजोर पेशी फुटून गेल्यात, उरल्यात त्या नव्या दमाच्या, आणि वरून दुसऱ्याचं रक्त चढवलंय." दिवाळी होऊन गेल्यावर, थंडी पडायला लागली तेव्हा तपासणी झाली. कागद आला तसं त्यांनी तिघांना बोलावलं.

"परमेश्वरच्या रक्तात एक गोष्ट जन्मापासून कमी आहे," त्यांनी सांगितलं. "एक रस असतो, तो तांबड्या पेशींना सांभाळतो. तो कमी असला तरी रोजच्या जगण्यात काही कळत नाही. माणूस धडधाकट असतो. पण काही औषधं अंगात गेली की त्या पेशी टिकत नाहीत. प्रायमाक्विन त्यातलं एक."

"हे येतं कुठून?" राधाकिसननं विचारलं.

डॉक्टरांनी आसराबाईकडं बघितलं. "मुलाला आईकडून येतं. आईला स्वतःला बहुतेक काही त्रास होत नाही."

"म्हंजी मीच दिलं," आसराबाई म्हणाली.

"तुमच्या आईनं तुम्हाला दिलं, तिला तिच्या आईनं किंवा बापानं. नाकडोळे देतात तसं. यात कुणाचा काही गुन्हा नाही, मावशी."

"आणि मच्छिंद्र?"

"त्यांचं रक्त कुणी तपासलेलं नाही, म्हणून मी शपथेवर सांगू शकत नाही. पण तुम्ही सांगितलं ते सगळं जुळतं. त्यांनाही हेच असणार. तेव्हा त्या गोळ्या सरसकट द्यायचे. देणाऱ्यालाही माहीत नव्हतं, घेणाऱ्यालाही नाही." मग त्यांनी विचारलं, "त्यांना मूलबाळ होतं?"

"एक लेक हाय. दैवशाला."

"मग तिच्यात हे नक्की आलेलं असणार. बाप असा असला की प्रत्येक लेकीत येतं. तिला मुलगा आहे का?"

आसराबाईला एवढंच माहीत होतं की दैवशालाचं लग्न हसनाबादेतच झालं आणि तिला एक पोरगा आहे. तेही बाजारात कुणीतरी सांगितलेलं.

"त्या मुलात असेल किंवा नसेल, दोन्ही शक्य आहे. पण तपासून घेतलेलं बरं. कधी ताप आला आणि कुणी न विचारता गोळी दिली, असं व्हायला नको."

घरी येताना राधाकिसन म्हणाला, "फोन कर कुणाकडून तरी. तू जाऊ नको. इतक्या वर्सांनी कशाला उकरायचं?"

"फोनवर काय सांगू? तुझ्या नवऱ्याचं काय झालं ते आता कळलंय, असं?"

"दार लावून घेतील."

"लावू दे."

तिनं दुसऱ्या दिवशीच हसनाबादकडं जाणारी जीप धरली. परमेश्वर बरोबर येतो म्हणाला, तर तिनं त्याला मेंढरांकडं पाठवलं.

नंदाबाईची पिठाची गिरणी होती. बापानं दिलेल्या जागेत पत्रे टाकून तिनं ती चालवली होती, आणि हसनाबादेत कुणालाही विचारलं तरी तो बोट दाखवायचा. आसराबाई पोहोचली तेव्हा गिरणी चालू होती. आत नंदाबाई ज्वारीचा डबा ओतत होती. केस पांढरे झाले होते की पिठानं झाले होते, कळत नव्हतं. तिनं वर बघितलं आणि एकदम ओळखलं. ओळखलं हे तिच्या तोंडावरून कळलं. पण तिनं आधी डबा पूर्ण ओतून घेतला.

"नंदा," आसराबाई म्हणाली. गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात ते ऐकू गेलं नाही. "नंदा, बोलायचं हाय!"

"दळण हाय लोकांचं. संपू दे."

आसराबाई दारातल्या पोत्यावर बसून राहिली. दळण संपलं. नंदाबाईनं खटका पाडला. गिरणी थांबल्यावर एकदम इतकी शांतता झाली की बाहेरच्या कोंबडीचा आवाज आला.

"कोण वारलं?" नंदाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाई."

"मंग कामून आलीस, आक्का?"

आसराबाईनं वाटेत जे ठरवलं होतं त्यातलं काहीच तिला आठवेना. तिनं परमेश्वरपासून सुरुवात केली. ताप, गोळ्या, काळी लघवी, पिवळे डोळे. नंदाबाई आधी उभी होती, मग ती वजनकाट्याच्या ओट्यावर टेकली. आसराबाईनं शेवटी कागदाचं, आईकडून येणाऱ्या रक्ताचं सांगितलं. "मच्छिंद्रलाबी हेच व्हतं, असं डॉक्टरीण म्हणती. आमच्या रक्तातली खोट. तू काय केलं नव्हतंस."

"मी काय केलं नव्हतं ते मला माहीत हाय," नंदाबाई म्हणाली.

"व्हय."

"मी काय केलं ते माहीत न्हवतं." ती हातावरचं पीठ खरवडत होती. "मला वाचता येत न्हवतं, आक्का. तो माणूस सांगून गेला, आणि मी ध्यानात ठेवलं. पण नंतर मला वाटायचं, उलटं तर न्हाई केलं? सकाळच्या दोन अन्‌ रात्रीची एक, का बारक्या दोन अन्‌ मोठी एक? इतकी वर्सं मी रोज तेच मोजते. दळण टाकता टाकता मोजते. वाटायचं, तुझी आई खोटं बोलली, पण मारलं मीच, चुकून."

"तू बराबर दिल्या व्हत्या. म्हणूनच तर..." आसराबाई मधेच थांबली. ते वाक्य पुरं करायला नको होतं.

नंदाबाईनंच पुरं केलं. "बराबर दिल्या, म्हणून गेले."

एक बाई डबा घेऊन आली, नंदाबाईनं तिला हातानंच थांबायची खूण केली, मग "सांजच्याला ये" म्हणाली. आसराबाई रडत होती. नंदाबाईच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. ती फक्त एकदा मोठा श्वास घेऊन भिंतीला टेकली, डोक्यावरचं ओझं कुणीतरी उतरून घेतल्यावर माणूस टेकतं तशी.

"त्या दिवशी पेटी बाहेर ठेवली," ती म्हणाली, "तेव्हा तू भिंतीपाशी व्हतीस. मला वाटलं, आक्का तरी काही म्हणंल."

"न्हाई म्हणले."

"न्हाई म्हणलीस."



मग नंदाबाईनं विचारलं, "दैवशालाचं काय म्हणत व्हतीस?" आणि सगळं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून घेतलं. तिनं फोन लावला. दैवशाला पोराला घेऊन आली. आर्यन नाव त्याचं, शाळेच्या गणवेशातच होता. दैवशालानं या परक्या बाईकडं बघितलं आणि आईकडं बघितलं.

"ही तुझी आत्या," नंदाबाई म्हणाली. पुढं काही जोडलं नाही.

आर्यनचं रक्त तपासायचं ठरलं. डॉक्टर तृप्तींचा फोन नंबर आसराबाईनं दिला. उठताना ती म्हणाली, "अजून काय करू, नंदा? सांग."

नंदाबाईनं थोडा विचार केला. "तुझी आई गेली. तिला आता कोण सांगणार? पण सर्जेराव हाय. पारावर बोलला व्हता तो, सगळ्यांत. तिथंच सांग."

आसराबाई माहेरी गेली ती त्याच आठवड्यात. या वेळी परमेश्वरला बरोबर घेऊन. सर्जेराव आता थकला होता, पारावर उन्हाला बसलेला असायचा. भोवती जुनी माणसं होती. आसराबाई उभी राहिली आणि तिनं पोराला पुढं केलं. "हा बघा, मरता मरता वाचला, आणि गोळ्या मी दिल्या व्हत्या," असं म्हणून तिनं सगळं सांगितलं. सर्जेराव म्हणाला, "आम्हाला काय ठावं, बाई, त्या वक्ताला."

"ठावं न्हवतं, मंग बोलायचं न्हवतं," आसराबाई म्हणाली.

त्यानं मान खाली घातली. एवढंच झालं. पण त्या संध्याकाळी गावातल्या दोन-तीन घरांत नंदाचं नाव निघालं, आणि वाईट बोलायला नाही.

आर्यनच्या रक्तात तीच गोष्ट निघाली. दैवशाला आधी घाबरली, मग डॉक्टरांनी तिला बसवून समजावलं की पोरगं आजारी नाही, फक्त औषध देणाऱ्याला हे आधी सांगायचं. तिनं शाळेत सांगितलं, गावातल्या डॉक्टरांना सांगितलं, आणि पोरालाही पाठ करून घ्यायला लावलं.

परमेश्वरच्या कलेजीत निजलेले जंतू राहिलेच होते. त्यांच्यासाठी डॉक्टरांनी जालन्याच्या दवाखान्याशी बोलून वेगळी तऱ्हा ठरवली: तीच गोळी, पण रोज नाही, आठवड्यातून एकदा, आणि दर खेपेला आधी रक्त तपासून. "पेशींना मधे सावरायला वेळ मिळतो," त्या म्हणाल्या. पहिल्या गोळीला आसराबाईचा हात उचलेना. तेव्हा परमेश्वरनं ती स्वतःच घेतली आणि पाणी पिऊन म्हणाला, "बघ माय, झालं." केंद्रातल्या बाकावर दोघं दुपारपर्यंत बसले. दोन दिवसांनी रक्त बघितलं, थोडं उतरलं होतं, फार नाही. पुढच्या आठवड्यात परत.

असे दोन महिने गेले. होळीच्या सुमाराला ते औषध संपलं. उन्हाळा गेला, पुढचा पावसाळा आला, ताप आला नाही. परमेश्वर पुन्हा कामावर गेला, या वेळी जवळच, जालन्याच्या बाजूला.

नंदाबाई वस्तीवर अजून आलेली नाही. आसराबाईनं बोलावलं होतं, "बघू" म्हणाली. पण एका सकाळी तिचा फोन आला. दैवशालाला दिवस गेले होते. "डॉक्टरीणबाईला विचारून ठेव," नंदाबाई म्हणाली, "लेकराचं रक्त कधी तपासायचं ते. आणि तू काय करून राह्यलीस?"

"भाकरी," आसराबाई म्हणाली.

"बस मंग बोलत जरा. माझ्याकडं आज दळण कमी हाय."